पहिल्यांदा ट्रॅकवर जाताय? काय लावायचं यापेक्षा काय काढायचं ते आधी बघा

ट्रॅक डे (म्हणजे आपली बाइक घेऊन रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) बुक झाला की आमच्याकडे जो पहिला फोन येतो त्यात प्रश्न ठरलेला असतो, "काय काय लावून घेऊ?" सायलेन्सर, एअर फिल्टर, ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) मॅप, क्लच न दाबता गिअर बदलायचा क्विकशिफ्टर, यादी तयारच असते. आणि आम्ही दरवेळी सांगतो की पहिल्या वेळेला लावायचं जवळपास काहीच नसतं, काढायचं मात्र बरंच असतं. गॅरेजवाल्यानेच गिऱ्हाइकाला पार्ट नको म्हणणं जरा उलटं वाटतं खरं, पण कंपनीने दिलेली पॉवरच अजून तुम्ही पूर्ण वापरलेली नाही, त्यात अजून चार घोडे घालून करणार काय? पैसे घालायचेच असतील तर ब्रेक, टायर आणि अंगावरच्या गिअरमध्ये घाला. हा कागद त्यासाठीच आहे, आणि आदल्या रात्री नका वाचू, निदान दोन आठवडे आधी वाचा म्हणजे काही निघालंच तर करायला वेळ राहतो.

ब्रेकपासून सुरुवात

वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ताशी १०० किलोमीटरवरून कोरड्या डांबरावर दणकून ब्रेक मारला तर साधारण ४० मीटर लागतात, २०० वरून तेच १६० च्या आसपास जातं, आणि ही सगळी ताकद शेवटी डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. रस्त्यावर असा ब्रेक कधीतरी लागतो, ट्रॅकवर प्रत्येक लॅपला चार-पाच वेळा, डिस्क थंड व्हायला उसंतच मिळत नाही. ती गरमी पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ब्रेक ऑइलला लागते.

आता ब्रेक ऑइलची गंमत अशी की ते हवेतलं पाणी शोषतं, गाडी नुसती उभी असली तरी. डॉट ४ ऑइल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ वर येतो. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण बुडबुडे दाबले जातात, मग लीव्हर सरळ हँडलला टेकतो आणि गाडी तशीच पुढे जात राहते. हे एकदा अनुभवलेल्या माणसाला परत सांगावं लागत नाही. म्हणून ट्रॅकच्या आधी ब्रेक ऑइल पूर्ण बदला, नुसतं वरून टॉप-अप नाही. डॉट ४ च्या जागी डॉट ५.१ चालतं, त्याचे आकडे २६० आणि १८० आहेत. पण नुसतं डॉट ५ नको, नाव सारखं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं आणि एकमेकांत मिसळायचं नसतं. पॅड निम्म्याच्या खाली आले असतील तर बदलून जा. बदलले तर ट्रॅकवर नेण्याआधी रस्त्यावर नीट बसू द्या, कोरे पॅड थेट पहिल्या सेशनला नकोत.

टायर

टायरच्या साइडवर एक चार आकडी नंबर असतो, ३२२१ असेल तर टायर २०२१ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलाय. नक्षी भरपूर शिल्लक असून रबर दगडासारखं झालेले टायर आम्ही बरेच बघतो, मालक म्हणतो "अजून नवाच आहे की". हायवेवर फार फिरलेला टायर मध्ये सपाट होतो, सरळ जाताना कळत नाही पण गाडी झुकवताना कडेवर आली की एकदम पडल्यासारखी वाटते. असा टायर घेऊन ट्रॅकवर जाऊ नका, दिवसभर गाडीलाच शिव्या घालत बसाल.

हवा किती ठेवायची हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. रस्त्याचा आकडा मागे माणूस, सामान, टायरचं आयुष्य हे सगळं धरून काढलेला असतो, ट्रॅकवर टायर जास्त तापतो आणि तापला की आतली हवा फुगून प्रेशर काही पीएसआयने वर जातं, म्हणून सुरुवात रस्त्यापेक्षा थोड्या कमी हवेवर करतात. नेमका आकडा टायरच्या कंपनीवर आणि मॉडेलवर ठरतो, तुमचा टायर सांगा, आम्ही चार्ट बघून लिहून देऊ, मित्राच्या गाडीचा आकडा उचलू नका. स्वतःचा एक गेज घ्या आणि दिवसभर तोच वापरा, दोन गेज कधी एकमत होत नाहीत. सकाळी थंड असताना बघा, आणि सेशन संपवून आलात की हेल्मेट काढायच्या आधी परत बघा, पाच मिनिटांनी बघितलेलं काही कामाचं नाही. टायर वॉर्मर रोडच्या टायरला लागत नाहीत, पहिले दोन लॅप शांत मारा, टायर आपोआप तापतो.

ऑइल, पाणी, चेन

तुमच्या गाडीतून काही गळलं तर पडणार तुमच्या मागचा, हे लक्षात ठेवा. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, ते डांबरावर साबणासारखं निसरडं होतं आणि लवकर सुकतही नाही, त्यामुळे बऱ्याच ट्रॅकवर कूलंट काढून साधं डिस्टिल्ड वॉटर भरायला सांगतात. तुमच्या आयोजकांचा नियम आधी विचारा. भरलंत तर परत आल्यावर कूलंट पुन्हा टाकायचं, नाहीतर आत गंज धरतो आणि थंडीच्या जागी पाणी गोठून इंजिन तडकायची भीती. इंजिन ऑइल खुणेच्या वरही नको, खालीही नको. ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टर घट्ट आहेत ना ते एकदा पान्याने बघा, पण जोर लावून आटे उडवू नका प्लीज.

चेनच्या बाबतीत उलटी चूक होते, लोक ट्रॅकला जायचं म्हणून ती घट्ट करून आणतात. मागचं चाक दबलं की एका जागी पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात आणि तिथे चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, आधीच घट्ट असेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि सस्पेन्शन दबायचंच थांबतं. स्विंगआर्मच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी ढिली ठेवा, बास.

आता काढायचं काय

आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट, मोबाइल होल्डर, टँक बॅगच्या पट्ट्या, मागचा बॉक्स आणि त्याचा स्टँड. क्रॅश गार्डबद्दल विचारून घ्या, बाहेर आलेला लोखंडी पाइप घसरताना जमिनीत रुततो आणि गाडी सरळ घसरत जायच्या ऐवजी कोलांट्या खाते, म्हणून काही ठिकाणी तो चालतच नाही. हेडलाइट आणि टेललाइटवर टेप मारायची, काच फुटली तर तुकडे ट्रॅकभर होऊ नयेत म्हणून, पण आधी लाइटचा फ्यूज काढा, पेटलेल्या हेडलाइटवर टेप वितळून चिकटली की ती खरवडायला आमच्याकडेच येता. फ्यूज कुठला ते कळत नसेल तर आम्ही दाखवतो, भलताच काढलात तर गाडीच चालू होणार नाही.

आरसे काढल्यावर "मागचा कसा दिसणार" असं सगळे विचारतात. नाहीच दिसायचा. मागून येणाऱ्याने सांभाळून पुढे जायचं असतं, तुमचं काम आपली लाइन न सोडणं एवढंच. वळून बघितलंत, घाबरून बाजूला झालात की तिथेच गडबड होते.

सस्पेन्शनचे स्क्रू यूट्यूब बघून फिरवू नका. आमच्याकडे अंगावर पूर्ण गिअर घालून या, गाडीवर बसवून सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते मोजतो, साधारण ३० ते ४० मिलिमीटरच्या आत आणतो आणि तिथे सोडतो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहू द्या, पहिल्याच दिवशी ते बंद करून कुणाला काही सिद्ध करायचं नाहीये.

अंगावर काय

लेदरचा वन-पीस सूट, किंवा टू-पीस असेल तर कमरेला पूर्ण गोल झिपने जोडला जाणारा. मनगट झाकणारे ग्लोव्ह्ज, घोट्याच्या वर येणारे बूट, फुल फेस हेल्मेट, डबल डी रिंगचा (दोन कड्यांतून ओवून आवळायचा) पट्टा असेल तर उत्तम. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकाचक दिसू दे, आतला थर दबलेला असतो, ते घरी ठेवा. बॅक प्रोटेक्टर घेताना लेव्हल २ बघा, टेस्टमध्ये त्यातून पलीकडे पोचणारा दणका सरासरी ९ किलोन्यूटनच्या आत लागतो, लेव्हल १ ला १८ पर्यंत चालतो, म्हणजे सरळ निम्मा.

सूट उभं राहिल्यावर आखूड आणि घट्ट वाटणारच, तो गाडीवर वाकून बसायला शिवलेला असतो. घरी घालून अर्धा तास गाडीवर बसा. आमच्या एका ग्राहकाने नवेकोरे रेस बूट थेट ट्रॅकवर उघडले, पुढचा भाग इतका जाड की पाय गिअर लीव्हरच्या खाली जाईना, पहिलं सेशन लीव्हर वर घेण्यातच गेलं. दहा मिनिटांचं काम, पण पान्याशिवाय होत नाही.

ट्रॅकवर गेल्यावर

सकाळचं ब्रीफिंग चुकवू नका, चुकवलं तर आत सोडतच नाहीत बहुतेक. ग्रुप निवडताना सगळ्यात हळू ग्रुप घ्या. झेंडे पाठ करून जा: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू होऊन पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथे) या, पण जागच्या जागी कचकन ब्रेक मारायचा नाही. काळा तुम्हाला दाखवला तर पिटमध्ये या, गाडीतून काही गळत असेल किंवा तुमचंच काही चुकलं असेल. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. चौकड्यांचा म्हणजे वेळ संपली.

सेशन साधारण १५-२० मिनिटांचं असतं आणि ते पुरतं, विश्वास ठेवा. हँडल आवळून धरलं की दुसऱ्या सेशननंतर हात भरून येतात, मांड्यांनी टाकी धरा आणि हात सैल सोडा. कॉर्नरला आत लवकर घुसायचा मोह होतो, त्याने बाहेर पडताना रस्ता संपतो, जरा उशिरा वळा. गुडघा टेकवायचाच असं ठरवून आलेला माणूस लांबून ओळखू येतो, गाडी सरळ आणि तो एकटाच लोंबकळत असतो. तो फोटो नंतर कधीतरी मिळेल.

पेट्रोल भरपूर लागतं, रस्त्याच्या ॲव्हरेजवर हिशोब करू नका, आणि ट्रॅकवर मिळेलच असं धरू नका. पाणी तहान लागायच्या आधीपासून प्या, लेदरमध्ये घाम किती जातो ते कळत नाही. दुपारनंतर ब्रेकिंग पॉइंट चुकायला लागले, गिअर मोजावे लागले, तर शेवटचं सेशन सोडून द्या. पैसे भरलेत म्हणून काढायचं नसतं ते. आणि हो, गाडीचा नेहमीचा विमा ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा देत नाही, पॉलिसी आधी वाचून घ्या.

परत आल्यावर

जमलं तर गाडी टेम्पोत टाकून न्या आणि आणा, दमलेल्या अंगाने चालवत यायला नको. चालवतच येणार असाल तर निघायच्या आधी आरसे, नंबर प्लेट, इंडिकेटर लावा, हेडलाइटचा फ्यूज परत बसवा (हा शंभरातले नव्वद विसरतात, अंधार पडल्यावर आठवतो) आणि टायरमधली हवा रस्त्याच्या आकड्यावर आणा. गाडी पडली असेल, अगदी हळूच आडवी झाली असेल तरी चालवत आणू नका, हँडल, लीव्हर आणि रेडिएटर आम्ही बघतो, त्याआधी स्टार्टरला हात लावायचा नाही.