खाऊचे पैसे

शाळकरी मुलांना घरातून मिळणारी आणि त्यांनी आपल्या मर्जीने खर्च करायची छोटी रक्कम. शहरांत तिला पॉकेटमनीही म्हणतात. मुलांना पैशाचा पहिला व्यवहार शिकवण्याचे घरातले हे जुने साधन आहे. ते किती उपयोगी पडेल हे रकमेवर फारसे अवलंबून नसते. घरातली मोठी माणसे आपण घातलेली मर्यादा आणि दिलेला शब्द पाळतात का, यावर ते ठरते.

मराठी घरांत हे पैसे बहुधा ठरलेल्या दिवशी मिळत नाहीत. निघताना पाहुणे मुलाच्या हातावर नोट ठेवतात. मूल ‘नको, नको’ म्हणत आईकडे पाहते आणि आई ‘घे, मोठ्यांना नाही म्हणू नये’ म्हणाली की घेते. भाऊबीजेच्या ओवाळणीत, वाढदिवसाच्या पाकिटात, जत्रेला निघताना आजोबांकडून, मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडून असे पैसे जमत जातात. यात माया भरपूर असते, पण नेम नसतो. पुढचे पैसे कधी येणार हे माहीत नसल्यामुळे मुलाला बेत आखता येत नाही. म्हणून रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ठरावीक वारी मिळावी. प्राथमिक शाळेतल्या मुलाला आठवड्याचा हिशेब झेपतो. महिन्याची रक्कम माध्यमिक शाळेत गेल्यावर द्यावी.

पाहुण्यांनी दिलेली नोट पुढे कुठे जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘माझ्याकडे ठेवायला दे’ म्हणून घेतलेले पैसे अनेकदा घरखर्चात मिसळून जातात. गल्ल्यातून दूधवाल्यासाठी सुटे काढले जातात आणि परत टाकायचे राहून जातात. मोठ्यांच्या लेखी ही किरकोळ बाब असते. मुलाच्या लेखी ती फसवणूक ठरते.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या एका प्रयोगातून हेच दिसले. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसमोर एक मिठाई ठेवून, थांबलात तर दुसरी मिळेल, असे सांगण्यात आले. त्याआधी प्रयोग करणाऱ्या व्यक्तीने काही मुलांना चांगले रंग आणून देण्याचा शब्द पाळला होता, काहींच्या बाबतीत मोडला होता. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, ज्यांच्या बाबतीत तो मोडला गेला ती ३ मिनिटे. ‘आमच्या मुलाला धीरच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा. ठेवलेले पैसे जागेवर सापडतील ही खात्री असेल, तरच बचतीला अर्थ आहे. मुलाचे पैसे घ्यावेच लागले, तर विचारून घ्यावेत आणि सांगितलेल्या दिवशी परत करावेत.

मर्यादा घालताना खरी कसोटी लागते ती पैसे संपल्यावर. सोमवारी मिळालेले पैसे बुधवारी संपले आणि गुरुवारी रडून पुन्हा मिळाले, तर रक्कम ठरवली काय आणि न ठरवली काय, सारखेच. मात्र जेवण, वह्या, बसभाडे या गरजा खाऊच्या पैशांत घालू नयेत. त्या पालकांच्या जबाबदाऱ्या आहेत. उरलेल्या खर्चात मुलाला चुकू द्यावे. दोन दिवसांत मोडणारे खेळणे त्याने स्वतःच्या पैशांनी घेतले, तर तो धडा स्वस्तातच मिळतो. नकार देताना कारण खरे सांगावे. पैसे असूनही ‘पैसे नाहीत’ म्हटले की मुलाला घराच्या परिस्थितीची विनाकारण धास्ती बसते. ‘यासाठी आपण पैसे खर्च करणार नाही’ हे वाक्य पुरेसे आहे, आणि आजी-आजोबांसह घरातल्या सगळ्यांचे उत्तर तेच असावे. आईने नाकारलेली वस्तू संध्याकाळी बाबांनी आणली की मर्यादा उरत नाही.

गुणांसाठी किंवा स्वतःचे ताट उचलण्यासाठी पैसे द्यावेत का, याबाबत मतभेद आहेत. घर सर्वांचे असल्याने रोजच्या कामाला मोल लावू नये, हे मत या नोंदीला पटते. रद्दी विकणे, दिवाळीत आकाशकंदील करून विकणे अशा वेगळ्या कामाची कमाई मात्र मुलाचीच असावी.

शाळांनीही हे शिक्षण दिले आहे. विद्यार्थ्यांनीच शिक्षकांच्या देखरेखीखाली चालवायची ‘संचयिका’ ही बचत बँक अनेक शाळांत असे. जिल्हा परिषदेच्या शाळांत भरणाऱ्या बाल आनंद मेळाव्यात मुले भाजी, भेळ, लिंबू सरबत विकतात. माल कितीला पडला, कितीला विकला आणि हाती काय राहिले, हे त्यांना तिथे प्रत्यक्ष मोजावे लागते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीला करार करता येत नाही. तरीही दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बचत खाते स्वतः उघडण्याची व चालवण्याची मुभा बँकांनी द्यावी, असा मार्ग रिझर्व्ह बँकेने २०१४ साली मोकळा केला आणि २०२५ मध्ये त्याचे नियम नव्याने मांडले. व्यवहाराची कमाल मर्यादा प्रत्येक बँक ठरवते. अशा खात्यात शिल्लक नसताना पैसे काढता येत नाहीत. खाते कायम जमेतच राहावे लागते. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने पालकांना २०१५ पासून सुकन्या समृद्धी खातेही काढता येते. पण तिथले पैसे शिक्षण किंवा लग्नापर्यंत अडकून राहत असल्याने रोजच्या सवयीसाठी त्याचा उपयोग नाही.

मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रुळल्यापासून मुलांच्या नजरेसमोर नाणी-नोटांची देवघेव क्वचितच होते. किराणा आणायला गेलेल्या मुलाला पूर्वी उरलेले सुटे मोजून आणावे लागत. आता दुकानदाराच्या फलकावर फोन धरला की काम झाले. म्हणून निदान सुरुवातीची काही वर्षे तरी खाऊचे पैसे रोख द्यावेत. यूपीआय पिन मुलांना सांगू नये आणि खेळाच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा तपशील साठवून ठेवू नये. पैशांची बाजी लावायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. मात्र साध्या खेळातले पोशाख, हत्यारे किंवा हिरे विकत घेण्याचा मोह त्यामुळे थांबत नाही. त्यासाठी फोनमधल्या प्रत्येक खरेदीला पालकांची परवानगी लागेल अशी सोय सुरू ठेवता येते, आणि ती आहे हे मुलाला आधीच सांगून ठेवावे.