थेंब कानात गेला की कानावर?

उन्हाळ्यात ज्या विहिरींना पाणी टिकतं, तिथं पाठीला डबा बांधून मराठवाड्यातली पोरं पोहायला शिकतात. मग त्यांतली काही कान धरून दवाखान्यात येतात. सतत पाणी जाऊन कानाच्या नळीची कातडी मऊ पडते आणि जंतूंना वाट मिळते. पावसाळ्यात त्याच दमट नळीत बुरशी धरते. डॉक्टर थेंब लिहून देतात. मेडिकलवर पाच-दहा मिलिलिटरची एवढीशी बाटली हातात पडते आणि त्यात काय समजावून सांगायचं, असं काउंटरच्या दोन्ही बाजूंना वाटतं. माझ्या मते समजावून सांगायची खरी गरज याच औषधाला आहे. गोळी गिळली की पोटात जातेच, थेंब मात्र कानाच्या तोंडाशीच अडकू शकतो. रुग्णाला समजावणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, असं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतही आहे.

जाणता फार्मासिस्ट आधी विचारतो, "लेकरू केवढं आहे, ताई?" तीन वर्षांच्या आतलं असेल तर कान हलकेच खाली आणि मागे ओढायचा, त्याहून मोठं असेल तर वर आणि मागे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित वाकडी असते, बाहेरच्या भागात लवचिक कूर्चेची, आतल्या भागात हाडाची. तान्ह्या बाळात हाडाचा भाग पुरता घडलेला नसतो. नळी आखूड, भिंती मऊ, पडदा जवळजवळ आडवा. म्हणून तिथं कान खाली ओढला की वाट मोकळी होते.

दुसरी सूचना, बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा. परभणीतल्या डिसेंबरच्या सकाळी फळीवरची बाटली गारठलेली असते. तो गार थेंब आत गेला की लेकराला गरगरतं, कधी उलटीही होते. घरच्यांना वाटतं औषध सोसत नाही, आणि ते बंद होतं. खरं कारण तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानात आहे. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी आडवी नलिका बाहेरच्या कानाला सगळ्यात जवळची. एका बाजूला गारवा लागला की तिच्यातला द्रव थंड होऊन जड होतो, वाहू लागतो, आणि डोकं फिरतंय असा निरोप मेंदूला जातो. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना रुग्णांचे कान धुताना हे उमगलं: गार पाण्यानं डोळे एकीकडे झटके देत, गरम पाण्यानं उलटीकडे. १९१४ चं नोबेल त्यांना तोलाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी मिळालं, तेव्हा ते रशियाच्या कैदेत होते! म्हणून बाटली उकळत्या पाण्यात धरणंही नको. भाजण्याचा धोका वेगळाच.

थेंब टाकायचा तो मूल कुशीवर असताना, बाटलीचं टोक कानाला न टेकवता. मग कानाच्या छिद्रापुढचा छोटा उंचवटा हळूच चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे अडकलेली हवा सुटून औषध आत उतरतं. तीन ते पाच मिनिटं तसंच पडू द्यायचं. चळवळ्या पोराला झोपेत थेंब टाकणं सोपं. कापसाचा बोळा आत कोंबू नका, तो औषधच शोषून घेतो. आणि आजीचं लसणाचं कढत तेल कितीही मायेचं असलं, तरी ते कानाबाहेरच राहू द्या.

"कान वाहतो का?" हा प्रश्न मात्र फार्मासिस्टनं विसरू नये. पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला भोक पडलं असेल तर जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखं औषध आतल्या कानापर्यंत पोचून ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतं, आणि माणसात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. अशा वेळी डॉक्टर बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन निवडतात. म्हणूनच थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याच्या कानात रिकामी करू नये. डोळ्यांचे थेंब डॉक्टर कधी कधी कानासाठी लिहून देतात, त्यात चूक झाली असं समजू नका. कानाचे थेंब डोळ्यात मात्र कधीच नाही.