आधी झेरॉक्स, मग वाचन

कोविडच्या टायमाला नाकात काडी घालून घेतली नाही असा माणूस बेळगावात शोधूनच काढायला लागेल, आरटीपीसीआर तर म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पण तोंडात बसलेलं, पण त्यातलं पीसीआर म्हणजे काय विचारलं की सगळे गप. पॉलिमरेज चेन रिअ‍ॅक्शन हे लांबलचक नाव, पण डीएनएची झेरॉक्स आहे हो ती. फक्त गठ्ठा अख्खा नाही, आपल्याला पाहिजे तेवढीच ओळ निघते.

माणसाच्या डीएनएत सुमारे 300 कोटी अक्षरं, तीही चारच, ए टी जी सी. त्यातला दोनतीनशे अक्षरांचा तुकडा पाहिजे असला तर त्याच्या दोन्ही टोकांना चिकटणारे साधारण 20 अक्षरांचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, टाकतात. मग 95 अंशापर्यंत तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटे होतात, 55-60 ला उतरवलं की प्रायमर आपापली जागा धरतात, आणि 72 ला एन्झाइम (हे जोडकाम करणारं प्रोटीन) एकेक अक्षर जोडत दुसरा धागा तयार करतंय. एकाचे दोन, दोनाचे चार, अशा 30 फेऱ्या झाल्या की हिशोब 107 कोटींवर जातोय! (कागदावर. खरं तर थोडं कमीच पडतंय.) कोविडचा व्हायरस आरएनएवाला, म्हणून त्याचं आधी डीएनए करून घ्यायचं, ते आरटी, म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन.

ही युक्ती कॅरी मुलिसची, 1983 ची, त्याला 1993 ला नोबेल पण मिळालं. पण सुरुवातीला दर फेरीत तापवलं की एन्झाइम मरायचं आणि परत नवीन घालत बसायला लागायचं, वैताग नुसता. ते सुटलं अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेल्या एका बॅक्टेरियामुळं, त्याचं टॅक एन्झाइम 95 ला पण दाद देत नाही. मला विचाराल तर अर्धं नोबेल त्या बॅक्टेरियाला द्यायला पाहिजे होतं.

आता कॉप्या झाल्या, वाचायच्या कशा? फ्रेडरिक सँगर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1977 ला काढलेली आयडिया भारी आहे. टिळकवाडीच्या रेल्वे गेटात अडकून मालगाडीचे डबे मोजलेत ना? समजा मधेच काही डब्यांना मागचा हूकच नाही, असा डबा लागला की गाडी तिथंच संपली. तशी थोडी बिनहुकाची अक्षरं चांगल्या अक्षरांत मिसळायची आणि एन्झाइमला परत धागा जोडायला लावायचं, मग कुठली गाडी 50 डब्यांची, कुठली 51 ची, कुठली 52 ची, अशा सगळ्या लांबीच्या तयार होतात. लांबीप्रमाणं ओळीनं लावायच्या आणि प्रत्येकीचा फक्त शेवटचा डबा बघत जायचं. हल्ली त्या चार अक्षरांना चार रंग लावतात, मशीन रंग वाचत सुटतंय.

आणि आता नॅनोपोअर आलंय, बारीक भोकातून धागा ओढला की करंट बदलतोय त्यावरून अक्षर ओळखायचं. त्याला झेरॉक्स पण लागतेच असं नाही.