खुलासा : ‘हुशार पोराला एडीएचडी नसतो’ (एडीएचडी : लक्ष न टिकणं, अतिचंचलता यांचा विकार)

‘डोकं तल्लख आहे, वर्गात कंटाळतो एवढंच. एडीएचडी असता तर जेटीवर गरी टाकून तासन्‌तास बसला असता का?’ मालवण काय, दापोली काय, पालकांचं हे ठरलेलं उत्तर. ते फसवं आहे. हुशारी आणि एडीएचडी एकत्र नांदतात. उलट अशी मुलं हुशारीच्या जोरावर पहिली काही वर्षं निभावतात, म्हणून निदान लांबतं. आणि आवडीच्या कामात असं मूलही खिळून बसतं. घोडं अडतं ते नावडत्या कामात.

अवघड गणित दिल्यावर पोर खुलत असेल, घरी सगळं सुरळीत असेल, तर कंटाळाच असावा. पण कोकमाचं आगळ आणायला धाडलं नि रिकाम्या हाताने परतलं, येत असलेल्या गणितात चिन्ह चुकलं, असं घरीदारी रोजचंच असेल तर तपासून घ्या. निकष स्पष्ट आहेत : लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी. रक्त तपासून हे कळत नाही. शिक्षकांचं म्हणणंही लागतं. (‘मस्तीखोर आहे’ एवढं पुरत नाही.) ऐकणं, दृष्टी, झोप आधी बघतात. सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमातल्या शाळा तपासणीत एडीएचडीचाही समावेश आहे, तिथेही विचारा.