गव्हाणीशेजारचा बैल कुठून आला?

ख्रिस्तजन्माचा नेहमीचा देखावा डोळ्यांपुढे आणा. गोठा, गव्हाणीत बाळ, जवळ मरिया आणि योसेफ, मागे बैल आणि गाढव, एका अंगाला मेंढपाळ, दुसऱ्या अंगाला तीन राजे, वर तारा. आता बायबलमधली जन्मकथा उघडून यातलं काय काय सापडतं ते बघा. बैल नाही. गाढव नाही. ‘तीन’ हा आकडा नाही, राजेही नाहीत. गोठा हा शब्दसुद्धा नाही. कथा सांगणारा लूक फक्त गव्हाणी म्हणतो, आणि गव्हाणी आहे म्हणजे गोठा असणारच, हे आपण धरून चालतो.

मुळात येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली शुभवर्तमानं चार, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची, आणि त्यांतल्या दोनांतच ही जन्मकथा आहे. मार्क थेट येशूच्या बाप्तिस्म्याकडे येतो, योहान सृष्टीच्या आरंभापासून बोलू लागतो. मत्तयाकडे तारा, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी, देखाव्यातले ‘तीन राजे’ ते हेच), हेरोद राजा आणि मिसर देशात पलायन. लूककडे नावनिशी म्हणजे शिरगणती, गव्हाणी, मेंढपाळ आणि देवदूत. मेंढपाळ आणि मागी एका जागी कधी येतच नाहीत, त्यांना एकत्र आणलं ते चित्रकारांनी. दोघंही लिहायला बसले ते क्रूसाच्या घटनेनंतर कित्येक वर्षांनी. शेवट ठाऊक असलेल्या माणसांनी सांगितलेली ही सुरुवात आहे, आणि पुढच्या शतकांनी तिच्यात जी भर घातली तीही शेवटाकडे बघूनच.

बैल आणि गाढव आले जुन्या करारातून, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातून, तिथल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातून. पहिल्याच अध्यायात संदेष्टा त्रागा करतो: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला आपल्या मालकाची गव्हाणी कळते, पण माझ्या लोकांना काही कळत नाही. ‘गव्हाणी’ हा एक शब्द दोन्हीकडे जुळला आणि जनावरं बेथलेहेमला येऊन उभी राहिली. चौथ्या शतकात ती इतकी पक्की झाली होती की मिलानमधल्या संत अँब्रोजच्या चर्चमध्ये त्या शतकाच्या अखेरची एक दगडी शवपेटी आहे, तिच्या झाकणावर घट्ट गुंडाळलेलं बाळ आहे आणि दोन बाजूंना बैल व गाढव. मरिया नाही, योसेफ नाही. आई वगळून चालली, बैल वगळून चालला नाही.

धर्मपंडितांनी मग आणखी अर्थ काढला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे बैल शुद्ध पशू, गाढव अशुद्ध. दोघांना एका नांगराला जुंपायची मनाई. म्हणून बैल म्हणजे नियमाचं जू वाहणारे यहुदी, गाढव म्हणजे इतर सारी राष्ट्रं, आणि दोघं एकाच गव्हाणीपाशी. अर्थ सुरेख आहे खरा. पण यशयाचं वाक्य घरच्या माणसाने घरच्यांना झापल्यासारखं होतं. तेच बाहेरच्यांच्या तोंडी गेल्यावर ‘यहुद्यांनी ओळखलं नाही’ असा ठपका झालं, आणि तो शतकानुशतकं मिरवला गेला. हे विसरून त्या बैलाकडे बघता येत नाही.

मागी लोकांची कथा जास्त रंगतदार. मत्तय त्यांची संख्या देत नाही. भेटी तीन, म्हणून माणसंही तीन. रोमच्या भुयारी दफनभूमींतल्या भिंतींवर कुठे दोन मागी दिसतात, कुठे चार, आणि डोक्यावर पारशी धाटणीच्या टोप्या. मुकुट आले ते जुन्या करारातल्याच ७२व्या स्तोत्रातून, तिथे दूरदेशीचे राजे भेटी घेऊन येतात. उंट आले यशयाच्या ६०व्या अध्यायातून, तिथे सोनं आणि ऊदही आहे.

गंधरस, म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक, मात्र तिथे नाही. मत्तयाकडे तो आहे, आणि जुन्या वाचकांची नजर नेमकी तिथेच अडली. इ.स. १८०च्या सुमारास इरेनियस या धर्मपंडिताने लावलेला अर्थ आजही चालतो: सोनं राजाला, ऊद देवाला, गंधरस मरणाऱ्याला. क्रूसावर चढवताना येशूपुढे गंधरस मिसळलेला द्राक्षारस धरला होता असं मार्क सांगतो. दफनाच्या वेळी नीकदेम नावाचा माणूस गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण घेऊन आला असं योहान सांगतो. बाळाच्या पायाशी ठेवलेली तिसरी भेट प्रेताला लावायची होती.

पौर्वात्य चर्चच्या जन्मचित्रांत हेच उघड दाखवतात. तिथे गोठा नसतो, काळीकुट्ट गुहा असते. बेथलेहेमच्या गुहेचा उल्लेख दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात आहे, आणि रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात तिथे चर्चही उभं राहिलं. त्या काळोखात गव्हाणी दगडी शवपेटीसारखी चौकोनी, बाळाचं बाळंतं कफनासारखं पट्ट्यापट्ट्यांनी आवळलेलं. लूकचं वाक्य मनात ठेवून ते बघावं: जन्मानंतर आईने बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, त्याच पुस्तकाच्या अखेरीस योसेफ नावाचा दुसरा एक माणूस त्याचं शरीर तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवतो.

ताऱ्याबद्दल फारसं लिहायला नको. ‘याकोबातून तारा निघेल’ या जुन्या करारातल्या गणना पुस्तकातल्या बलाम नावाच्या द्रष्ट्याच्या बोलाशी तो जुना जोडलेला आहे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने त्याचा संबंध इ.स.पूर्व ७मधल्या गुरू-शनीच्या युतीशी लावून पाहिला. मला बलाम जास्त पटतो.

पण गव्हाणीवर थांबायला हवं. ती जनावरांना चारा घालायची जागा, आणि बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’. धर्मपंडित ऑगस्टीन म्हणतो: गव्हाणीत ठेवलेला आपलं अन्न झाला. इ.स. १२२३मध्ये इटलीतल्या ग्रेचोला असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाणी मांडली, गवत पसरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं, आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्ती विधी, झाली. भाकर तिथेच मोडली गेली. फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार चेलानोचा थॉमस पुढे सांगतो की ते गवत लोकांनी जपून ठेवलं आणि आजारी गुरांना चारलं.