द्रावकाच्या बाटलीत आणखी काय असतं?

टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे प्रयोगशाळेतलं टीएचएफ. त्याच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं तर बहुधा 'बीएचटी 250 पीपीएम' असं सापडतं. बीएचटी म्हणजे द्रावक बिघडू नये म्हणून घातलेलं रसायन, आणि पीपीएम म्हणजे दहा लाखांत इतके भाग. लिटरमागे पाव ग्रॅमही भरत नाही, पण बाटलीची सगळी भिस्त त्यावरच.

टीएचएफसारखी ईथर कुळातली द्रावकं हवा लागली की हळूहळू बिघडतात. ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो आणि मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला अस्थिर रेणू, उरतो. त्याला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, तो पेरॉक्सी मूलक पुढच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, आणि स्फोटक पेरॉक्साइडं साचत जातात. बीएचटी स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतं. एक रेणू साधारण दोन मूलक थोपवतो आणि संपतो. म्हणून झाकण पहिल्यांदा उघडलं ती तारीख बाटलीवर लिहायचीच.

खरी गफलत ऊर्ध्वपातनात होते. टीएचएफ 66 अंशांना उकळतं, बीएचटी 265 ला. ते खालीच राहतं, वर येतं ते निराधार द्रावक. पेरॉक्साइडंही खालीच राहून घट्ट होत जातात आणि फ्लास्क कोरडा पडला तर स्फोट होतो. आधी चाचणी घ्या आणि तळाशी निदान दहावा हिस्सा सोडा.

चाचणी सोपी आहे: 1 मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लात 100 मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, त्यात 1 मिलिलिटर द्रावक. फिकट पिवळा रंग म्हणजे सुरुवात, तपकिरी म्हणजे ती बाटली वापरायची नाही. शेजारी द्रावकाविना एक नळी ठेवा. आयोडाइड हवेनं आपणहून पिवळं पडतं. जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती स्फटिक दिसले तर मात्र चाचणीच्या भानगडीत पडू नका. झाकणाला हात न लावता सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा.

क्लोरोफॉर्मची गोष्ट वेगळी. उजेड आणि हवेनं त्यातून विषारी फॉस्जीन तयार होतं. त्यासाठी अर्धा ते एक टक्का इथेनॉल घालतात. ते फॉस्जीनशी संयोग पावून निरुपद्रवी डायएथिल कार्बोनेट बनवतं. काही बाटल्यांत त्याऐवजी थोडं अ‍ॅमिलीन (एक हायड्रोकार्बन) असतं. उघडून बरेच दिवस ठेवायची असेल तर इथेनॉलवालीच बरी.

पण या दोन बाटल्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. इथेनॉलमुळे द्रावकाची ध्रुवीयता वाढते. द्रावक वर चढताना नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या सिलिका प्लेटवर त्याच नमुन्याचा ठिपका अ‍ॅमिलीनवाल्या क्लोरोफॉर्ममध्ये खालीच अडकतो, आणि माणूस नमुन्यात खोट शोधत बसतो.