सिंगापूर–मलेशिया–थायलंड सहल: हलाल जेवणाची माहिती

बुकिंगच्या वेळी बहुतेक जण एकच विचारतात, "जेवण हलाल मिळेल ना?" मिळतं, तिन्ही देशांत मिळतं. फक्त ते ओळखायची रीत तिथे वेगळी आहे. आपण इथे ओळखीचं हॉटेल आणि मालकाचं नाव बघून निर्धास्त बसतो. तिथे भिंतीवरचं प्रमाणपत्र बघायचं.

सिंगापूर
इथे हलाल प्रमाणपत्र 'मुइस' ही सरकारमान्य संस्था १९७८ पासून देते. ते त्या जागेपुरतंच असतं, म्हणून एका शाखेत आहे तर दुसरीतही असेलच असं धरू नका. मुदतही वाचा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'नो पोर्क, नो लार्ड' या पाटीने. पाटी खोटी नसते. डुकराचं मांस आणि चरबी वापरत नाही, एवढंच ती सांगते. कोंबडी कुठली, कशी कापली, सॉसमध्ये चिनी स्वयंपाकाची वाइन पडली का, याबद्दल ती गप्प असते. अशा ठिकाणी आमचा ग्रुप जेवायला थांबणार नाही.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्सवर, हलाल आणि बिगरहलाल दुकानं शेजारी-शेजारी असतात. उष्टे ट्रे ठेवायचे रॅकही वेगळे असतात. पाटी वाचून ट्रे ठेवा. 'बाक कुत तेह' हा डुकराच्या बरगड्यांचा रस्सा आहे. 'चार क्वे तिओ' या नूडल्स पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत परततात. संध्याकाळ मोकळी असेल तर सुलतान मशिदीभोवतीच्या कांपोंग ग्लाम भागात जा. मुर्तबाक, म्हणजे खिमा भरलेला पराठा, तिथेच खावा, हे आमचं मत.

मलेशिया
इथे काळजी सगळ्यात कमी. 'जाकिम' या सरकारी इस्लामी खात्याचा शिक्का, आठ टोकांच्या चांदणीत अरबी अक्षरांत 'हलाल', पाकिटांवर आणि हॉटेलांत दिसतो. पण चिनी हॉटेलंही भरपूर आहेत, तेव्हा शिक्का बघायचाच.

थायलंड
खरी दक्षता इथे. 'मू' म्हणजे डुक्कर, एवढा शब्द लक्षात ठेवा. तुळशीसारख्या पानांबरोबर परतलेला खिमा-भात रस्त्यावर सगळीकडे मिळतो आणि तो अनेकदा डुकराचा असतो. ओळखीचं नाव बघूनही विसंबू नका: मॅकडोनाल्ड्स सिंगापूर आणि मलेशियात हलाल-प्रमाणित आहे, थायलंडात मात्र त्यांच्या मेनूवर डुकराचा बर्गर असतो. पट्टायात 'इंडियन रेस्टॉरंट' अशी पाटी असली म्हणजे मटण हलाल असं नाही. आम्ही आधी चौकशी करतो. कुठे खात्री पटली नाही तर त्या वेळी डाळ-भात-भाजी किंवा मासे देतो आणि तसं आधीच सांगतो.

एका बसमध्ये दोन रिवाज
आमच्या ग्रुपमध्ये कोकणातली शाफई कुटुंबं असतात, तशीच सोलापूर-मराठवाड्याकडची हनफीही. शाफई आणि हनफी या इस्लामी धर्मनियमांच्या दोन परंपरा. कोकणी मंडळींना समुद्रातलं बहुतेक सगळं चालतं, त्यामुळे सिंगापूरच्या चिली क्रॅबवर ती तुटून पडतात. हनफी पाहुणे खेकडा आणि माकूल (स्क्विड) खात नाहीत. कोळंबीबद्दल त्यांच्या आलिमांतच (धर्मपंडितांत) मतभेद आहेत. नमाजचंही तसंच: प्रवासात दोन नमाज एकत्र करणारे आणि न करणारे, दोघांनाही वेळ मिळेल असे बसचे थांबे ठरवतो. बरोबर कोण, हे आम्ही सांगणार नाही. ते तुमच्या मौलानांना विचारा. आम्हाला फक्त तुमच्या घरी काय चालतं ते फॉर्मवर लिहून द्या. 'सगळं चालतं' असं संकोचाने लिहू नका, मग ताटावर बसल्यावर पंचाईत होते.

विमानात
मुस्लिम जेवणासाठी तिकिटात 'एमओएमएल' हा कोड टाकावा लागतो. 'एचएनएमएल' म्हणजे हिंदू मांसाहारी. घाईत या दोघांची अदलाबदल होते, म्हणून तिकीट हातात आल्यावर स्वतः तपासा. ऐनवेळी विमानात मागून हे जेवण मिळत नाही. स्वस्त विमानांत जेवण वेगळं विकत घ्यावं लागतं.

सामानात काय नको
खिमा, सुकं मटण, कबाब डब्यात भरून नेऊ नका. सिंगापूरच्या विमानतळावर काढून घेतात. घरचा मसाला नेत असाल तर त्यात खसखस नाही ना, हे बघा. सिंगापुरात खसखशीवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत, आणि "आमच्या घरी रोजच वापरतात" हे उत्तर कस्टमवाल्यांना पटत नाही. खजूर, चणे, चिवडा आणि भाकरीऐवजी खाकरे खुशाल घ्या.

तिथून आणायच्या चॉकलेट-गोळ्यांवर 'जिलेटिन' लिहिलेलं असेल आणि हलाल शिक्का नसेल, तर पाकीट परत ठेवा. मऊ मार्शमॅलोत ते हमखास असतं.

जेवणाचा फॉर्म निघायच्या १५ दिवस आधी ऑफिसात द्या. हलाल जेवणासाठी वेगळे पैसे नाहीत. रमजानच्या तारखांत सहल येत असेल तर फॉर्मवर तसं लिहा, म्हणजे सेहरीचा डबा आदल्या रात्रीच खोलीत पोहोचवता येईल.